वर्गणीदाराची निष्ठा



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु दर वर्षी वर्गणी भरून एखादी संस्था जिवंत ठेवणे म्हणजे काय, हे इंदूरच्या वाचनप्रेमी माणसाइतकेच सॉमरसेट कौंटीच्या क्रिकेटवेड्या माणसालाही ठाऊक आहे. त्या माणसाचा एक हंगाम आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

सॉमरसेट हा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील शेतीवाडीचा, सफरचंदांच्या बागांचा आणि त्यांपासून काढलेल्या साइडर नावाच्या मद्याचा परगणा. त्याचा क्रिकेट क्लब १८७५ साली स्थापन झाला आणि १८९१ पासून तो कौंटी अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळत आला आहे. इतक्या वर्षांत हे अजिंक्यपद सॉमरसेटला एकदाही मिळालेले नाही. मिडलसेक्स, सरे, यॉर्कशायर यांच्या नावांपुढे विजयाची वर्षे ओळीने लिहिलेली आहेत. सॉमरसेटच्या नावापुढची जागा कोरी आहे. तरीही टाँटन गावच्या मैदानावर दर एप्रिलला माणसे येतात. ती का येतात, हाच आजचा प्रश्न.

हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, तेव्हा इंग्लंडात थंडी पुरती ओसरलेली नसते. सामना चार दिवसांचा असतो आणि त्यातले काही दिवस कामाचे असतात. साहजिकच येणाऱ्यांत निवृत्त माणसे अधिक. खांद्यावरच्या पिशवीत चहाचा थर्मास, घडी केलेले वर्तमानपत्र, गुडघ्यांवर घ्यायला कांबळे आणि धावांची नोंद करण्याची वही. पाठीमागून टोन नदी वाहते. समोर सेंट जेम्सच्या चर्चचा मनोरा आणि दूरवर क्वांटॉकच्या टेकड्या. जागा ठरलेली, शेजारीही ठरलेला. हिवाळ्यात कोण गेले, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, हे त्या पहिल्या दिवशी कळते. एखादी खुर्ची रिकामी दिसली की कोणी फारसे बोलत नाही. मग पाऊस येतो, पंच आत जातात, आणि माणसे छत्र्या उघडून तिथेच बसून राहतात. सप्टेंबरअखेर सावल्या लांबतात, गुणतक्ता हिशोबाला येतो, आणि ‘यंदा तरी’ हे दोन शब्द पुन्हा ओठांवर येतात.

या दोन शब्दांनी सॉमरसेटकरांना फार छळले आहे. १९७६ साली रविवारच्या चाळीस षटकांच्या स्पर्धेत शेवटचा सामना नुसता बरोबरीत सुटला असता तरी विजेतेपद मिळत होते. कार्डिफला ग्लॅमॉर्गनकडून तो एका धावेने गेला. १९७८ साली शनिवारी लॉर्ड्सवर जिलेट चषकाचा अंतिम सामना ससेक्सने जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी टाँटनला एसेक्सकडून दोन धावांनी पराभव झाल्याने रविवारची स्पर्धाही हातची निसटली. पुढच्या वर्षी मात्र त्याच क्रमाने दैव फिरले. ८ सप्टेंबर १९७९ रोजी लॉर्ड्सवर व्हिव्ह रिचर्ड्‌सने ११७ धावा केल्या, जोएल गार्नरने २९ धावांत ६ बळी घेतले आणि नॉर्दॅम्प्टनशायरला हरवून जिलेट चषक आला. ९ तारखेला नॉटिंगहॅमला रविवारची स्पर्धाही जिंकली. १८७५ नंतरचा पहिला चषक आणि चोवीस तासांत दुसरा! त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० च्या हंगामात, आपला सुनील गावसकर या संघाकडून खेळला, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही.

रिचर्ड्‌स, गार्नर आणि बोथम या त्रयीने सॉमरसेटला वैभवाचे दिवस दाखवले. आणि त्यांच्याच निमित्ताने सभासदत्वाची खरी कसोटी लागली. १९८६ साली क्लबच्या समितीने रिचर्ड्‌स आणि गार्नर यांचे करार न वाढवता न्यूझीलंडच्या मार्टिन क्रो याला घेण्याचे ठरवले. कौंटी पेटून उठली. ज्यांनी चषक आणले त्यांनाच निरोप? बोथमने निषेध म्हणून क्लब सोडला. सभासदांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यास भाग पाडले आणि नोव्हेंबरमध्ये शेप्टन मॅलेट येथे ती भरली. मतदान झाले आणि बहुमत समितीच्या बाजूने पडले.

तो निर्णय योग्य होता की कृतघ्नपणाचा, यावर तिकडे अजूनही दोन मते आढळतात. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नुसत्या चाहत्याला आवडता खेळाडू गेला की दूरचित्रवाणी बंद करता येते. सभासदाला तेवढ्याने सुटका नाही. त्याला हात वर करावा लागतो आणि त्या हाताची जबाबदारी पुढे वर्षानुवर्षे वाहावी लागते. सभेत ज्यांचा पराभव झाला त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा वर्गणी भरली. आज त्या मैदानाच्या प्रवेशद्वाराला रिचर्ड्‌सचे नाव आहे आणि एका प्रेक्षागाराला बोथमचे. घरातले भांडण घरातच मिटावे, तसे ते मिटले.

अजिंक्यपदाची प्रतीक्षा मात्र चालूच राहिली. २०१० साली सॉमरसेट आणि नॉटिंगहॅमशायर यांचे गुण अखेरीस सारखे, २१४, झाले. नॉटिंगहॅमशायरचे विजय सात आणि सॉमरसेटचे सहा, एवढ्यावर निकाल लागला. त्याच वर्षी मर्यादित षटकांच्या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामनेही सॉमरसेट हरले. तीन स्पर्धा आणि तिन्हींत दुसरा क्रमांक!

२०१९ चा शेवट त्याहून हृद्य आहे. शेवटचा सामना टाँटनलाच, एसेक्सशी. सॉमरसेटला विजय हवा होता, एसेक्सला अनिर्णित निकालही पुरेसा होता. आणि पावसाने बराचसा खेळ धुऊन नेला. अखेरच्या दिवशी एसेक्सचा डाव १४१ वर संपला तेव्हा सॉमरसेटने आपला दुसरा डाव सोडून दिला आणि तासाभरात ६३ धावांचे आव्हान प्रतिस्पर्ध्यापुढे ठेवले. तासात दहा बळी मिळणार नाहीत, हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होते. एसेक्सच्या एक बाद ४५ धावा झाल्या आणि सामना थांबला. पण त्याआधी काही मिनिटे मार्कस ट्रेस्कॉथिक बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात उतरला. १९९३ पासून सत्तावीस हंगाम तो याच एका कौंटीकडून खेळला. मानसिक आजारामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडावे लागले तेव्हाही तो याच मैदानावर परतला होता. तो स्लिपमध्ये उभा राहिला आणि सारे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. अजिंक्यपद हातातून जात असताना वाजलेल्या त्या टाळ्यांत सॉमरसेटच्या निष्ठेचे सारे मर्म आहे.

येथे इंदूरकरांना आपल्या होळकर संघाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. महाराज यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी मांदियाळी जमली. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक येथे आला. महायुद्धामुळे महूच्या छावणीत असलेला मिडलसेक्स कौंटीचा डेनिस कॉम्प्टनही १९४४-४५ चा अंतिम सामना होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध २४९ धावांवर नाबाद राहिला. सॉमरसेटला शतकाहून अधिक काळात जे जमले नाही, ते या संघाने चार वेळा केले. पण राजाश्रय गेला, संस्थाने विलीन झाली, आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजीच्या फलकावरून पुसले गेले. पुढे चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने २०२२ साली रणजी करंडक जिंकला तेव्हा इंदुरातल्या वृद्धांचे डोळे पाणावले असतील. पण तो संघ दुसरा, नाव दुसरे.

राजाश्रयाने वैभव येते, यात शंका नाही. वर्गणीने येते ते सातत्य. एक चषक आणून देतो, दुसरी पुढच्या एप्रिलला दार उघडे ठेवते. आणि या सातत्याला वेळप्रसंगी आवाजही असतो. २०२२ साली अँड्र्यू स्ट्रॉस यांच्या समितीने कौंटी स्पर्धेतील सामन्यांची संख्या चौदावरून दहावर आणण्याची सूचना केली, तेव्हा ठिकठिकाणच्या सभासदांनी तिला विरोध केला आणि ती अमलात आली नाही. थर्मास घेऊन बसणारी ही माणसे दिसायला निरुपद्रवी असतात. पण क्लब त्यांचा असतो.

सभासदहो, ग्रंथालयाला अजिंक्यपद नसते. येथे गुणतक्ता लागत नाही आणि कोणी उठून टाळ्याही वाजवत नाही. पावसाळ्याच्या संध्याकाळी दोन वाचक येतात, दिव्याखाली बसतात, पुस्तक बदलून घेऊन जातात. तेवढ्यासाठी दार उघडावे लागते. शंभर वर्षे ते उघडले गेले, कारण प्रत्येक पिढीत काही माणसांनी, स्वतः किती पुस्तके वाचली याचा हिशोब न करता, वर्गणीची पावती फाडून घेतली. सॉमरसेटला अजिंक्यपद मिळेल तेव्हा मिळो. त्या मैदानावरची रिकामी खुर्ची पुढच्या हंगामात कोणीतरी भरून काढतो, हे त्या कौंटीचे खरे यश. आपल्या वाचनकक्षातील खुर्च्यांविषयीही शताब्दीच्या या वर्षी हीच चिंता आणि हीच आशा आपण बाळगावी, एवढीच विनंती.