नाव विचारलं, देश सांगितला



अनोळखी किनाऱ्याला गलबत लागतं. कप्तान खुणेनं विचारतो, ही जागा कोणती? समोरचा माणूस काहीतरी उत्तर देतो आणि ते नकाशावर चढतं. पुढची शंभर वर्षं जगभरचे खलाशी त्या जागेला त्याच नावानं ओळखतात. पण त्या माणसाला प्रश्न तरी नीट कळला होता का?

१७९७ साली विल्यम ब्रॉटन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचं असंच झालं. त्याचं ‘प्रॉव्हिडन्स’ हे जहाज मे महिन्यात मियाको बेटाजवळच्या प्रवाळात फुटलं होतं. सोबतच्या लहानशा गलबतातून तो कोरियाचा पूर्व किनारा पाहत खाली उतरला आणि ऑक्टोबरमध्ये एका सुरेख बंदरात त्यानं नांगर टाकला. बंदराचं नाव त्यानं लिहून घेतलं, चोसान. हे बंदर म्हणजे आजचं बुसान. ‘चोसान’ म्हणजे जोसॉन, हे त्या काळच्या कोरियाचं स्वतःचं नाव. साहेबानं गाव विचारलं आणि त्या भल्या माणसानं देश सांगितला!

याच भेटीची नोंद कोरियाच्या राजदरबारातही झाली. जोसॉन राजांच्या कारकिर्दींची इतिवृत्तं आता इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. मी काही इतिहासाचा पंडित नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता करणारा माणूस. यंत्रानं केलेल्या तोडक्यामोडक्या भाषांतरातून ती वाचतो. त्यात लिहिलंय की डोंगनेच्या योंगदांगपो इथं एक परकं जहाज आलं. त्यावरच्या माणसांशी चिनी, मांचू, जपानी, मंगोल अशा भाषांतून बोलून पाहिलं, एकही चालेना. हाती कुंचला दिला, तर त्यांनी काढलं ते ढग आणि डोंगर यांच्या चित्रासारखं दिसलं. इंग्रजी अक्षरांचं इतकं सुंदर वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द ओळखू आला, ‘नांगासागी’. म्हणजे नागासाकी. तेव्हा जहाज तिकडूनच आलं असावं, असा तर्क झाला. दोन्ही बाजूंना एकेक शब्द हाती लागला आणि दोघांनीही त्याच्यावर भिस्त ठेवली.

जुनी नावं शोधायची ती अशीच, दोन्हीकडची कागदपत्रं समोरासमोर ठेवून. पण आधी तारखा जुळवाव्या लागतात. कोरियातली नोंद चांद्र महिन्यांत. इंग्रजी रोजनिशीत आणखी एक गोम आहे. त्या काळी आरमाराचा दिवस मध्यरात्री नाही, माध्यान्ही सुरू होत असे. म्हणजे दुपारनंतर घडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या तारखेत पडायची. ब्रिटिश आरमारानं ही रीत १८०५ मध्ये सोडली. फ्रेंच नकाशे असतील तर रेखांश पॅरिसपासून मोजलेले. ते ग्रीनिचचे समजून वाचले, तर बेट दोनशे किलोमीटर बाजूला सरकतं!

हे जमलं की मग उच्चारांचं जंगल. कोरियन गावांची नावं बहुधा चिनी चित्रलिपीत लिहिली जात, आणि तीच चित्रं कोरियन माणूस एक वाचणार, जपानी दुसरं आणि चिनी तिसरं. इंचॉन, जिनसेन, रेनचुआन हे एकच बंदर. वोनसान आणि गेनसान एकच. रशियनांनी १८५४ मध्ये त्याच आखाताला आपल्या अॅडमिरलचं नाव दिलं, पोर्ट लाझारेव्ह. आता इंग्रज, फ्रेंच आणि अमेरिकन कानांनी ऐकलेलं त्यात मिसळा. आपल्याकडे इंग्रजांच्या आरमारी कागदांत विजयदुर्ग ‘घेरिया’ या नावानं येतो आणि बाणकोटचा किल्ला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ होतो. पण आपल्याला निदान लिपी तरी तीन वेळा बदलून वाचावी लागत नाही. अरब भूगोलकार तर नवव्या शतकापासून या देशाला ‘सिला’ म्हणत. ते सिल्ला राज्याचं नाव. बाराव्या शतकात अल-इद्रिसीनं सिला बेटं म्हणून दाखवलं. दुरून ऐकलेल्या द्वीपकल्पाचं बेट व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यांत भरवशाची जुळणी १८१६ची आहे. ‘अल्सेस्ट’ आणि ‘लायरा’ ही दोन ब्रिटिश जहाजं पश्चिम किनाऱ्यानं निघाली होती. लायराचा कप्तान बॅसिल हॉल. उत्तरेकडच्या तीन बेटांना त्याच्या वडिलांचं नाव दिलं गेलं, सर जेम्स हॉल समूह. त्यांतलं मोठं म्हणजे आजचं बेंगन्यॉंगदो. मग ४ सप्टेंबरच्या सुमारास एका खाडीत मुक्काम पडला आणि ती ‘बॅसिलची खाडी’ झाली. तिथं मोठी टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध अधिकारी जहाजावर आला. परक्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं तर आपली मान जाईल, हे त्यानं गळ्यावरून हात फिरवून सांगितलं. निघताना त्याला रडू फुटलं. हॉलनं हे सगळं आपल्या १८१८च्या प्रवासवर्णनात लिहिलंय. पण त्याला त्या म्हाताऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. ते दरबारी इतिवृत्तात सापडतं, मार्यांगजिन ठाण्याचा अधिकारी जो दे-बोक. दोन जहाजं आली, लेखी विचारलं तरी कळेना, शेवटी पुस्तक दिलं, हे सारं त्याच्या बाजूनं तिथं नोंदलेलं आहे. म्हणजे बॅसिलची खाडी सोचॉन जिल्ह्यात, मार्यांग इथं. अक्षांश-रेखांशांपेक्षा मला त्या अश्रूंची साक्ष पक्की वाटते.

चुकीच्या जागी लावलेलं नाव किती महागात पडतं, याचं उदाहरण पूर्वेच्या समुद्रात आहे. १७८७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझनं उल्लुंगदो बेट पाहिलं आणि आपल्या ज्योतिर्विदाचं नाव त्याला दिलं, दाजले. पाठोपाठ इंग्रज कप्तान जेम्स कोलनेटनं तेच बेट पाहिलं. पण त्याची जागा चुकली, वायव्येकडे सरकली. नकाशेवाल्यांनी त्याच्या जहाजावरून तिथं ‘आर्गोनॉट’ नावाचं दुसरं बेट काढलं. बेट एक, नकाशात दोन. आता जपानी लोक उल्लुंगदोला ताकेशिमा म्हणत आणि तिथून सुमारे ८७ किलोमीटरवरच्या ओसाड खडकांना मात्सुशिमा. झीबोल्टनं १८४०च्या नकाशात ही दोन नावं घेतली आणि आर्गोनॉट व दाजले यांना चिकटवली. पुढे आर्गोनॉट जागेवर नाहीच, हे उघड झालं. ते पुसलं गेलं आणि मात्सुशिमा हे नाव उल्लुंगदोवर राहून गेलं. खडकांना तोवर १८४९ मध्ये ‘लियांकूर’ या फ्रेंच व्हेलमारू जहाजाचं नाव मिळालं होतं. १९०५ मध्ये जपाननं ते खडक आपले म्हणून जाहीर केले, तेव्हा त्यांना रिकामं झालेलं ताकेशिमा हे नाव दिलं. कोरियन त्यांना दोकदो म्हणतात. ते कोरियाच्या ताब्यात आहेत आणि वाद चालूच आहे. त्या वादात जुना कागद पुढे आला की आधी ठरवावं लागतं, यातला मात्सुशिमा कुठला?

इंचॉनजवळची एक बेटुली पाहा. फ्रेंचांनी १८६६ मध्ये तिला ‘झाडीचं बेट’ म्हटलं, १८७१ मध्ये आलेल्या अमेरिकनांनी तेच इंग्रजीत केलं. जपानी अमलात ती जाग्याकदो झाली. २०२० मध्ये तिला जुनं मुलचिदो हे नाव परत मिळालं. शेजारी यॉंगजॉंगदो. तिथली दोन बेटं भराव घालून एकत्र झाली आणि २००१ मध्ये त्यावर विमानतळ सुरू झाला. जुन्या नकाशात जिथं पाण्याची खोली वावांत लिहिली आहे, तिथं आज धावपट्टी आहे. या किनाऱ्याला भरती-ओहोटीचा फरक तीस फुटांपर्यंत जातो. म्हणजे मोजमाप कोणत्या वेळी घेतलं, तेही पाहायला हवं.

त्याच पाण्यात, गांगह्वा बेटाच्या अरुंद खाडीत, एक वळण आहे. १८७१च्या लढाईनंतर अमेरिकनांनी तिथल्या मुख्य किल्ल्याला आपल्या मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव दिलं, फोर्ट मॅकी. स्थानिक नाव सोनदोलमोक. सोनदोल हा नावाडी. आख्यायिका अशी की मंगोलांपासून पळणाऱ्या राजाला तो पलीकडे नेत होता. होडी खवळलेल्या पाण्यात शिरलेली पाहून राजाला दगा वाटला आणि त्यानं त्याचा शिरच्छेद करवला. मरण्यापूर्वी नावाड्यानं पाण्यात एक भोपळा सोडला, म्हणाला, याच्या मागून जा. राजा सुखरूप पोचला. दहाव्या चांद्र महिन्याच्या विसाव्या दिवशी सुटणाऱ्या गार वाऱ्याला अजून ‘सोनदोलचा वारा’ म्हणतात. लढाईच्या अहवालाला यातलं काही ठाऊक नसणारच.

दक्षिणेच्या गोमुनदो बेटांना ब्रिटिशांनी १८४५ मध्ये आरमारी कचेरीच्या सचिवाचं नाव दिलं, पोर्ट हॅमिल्टन. चाळीस वर्षांनी, अफगाण सीमेवर पंजदेह इथं रशियाशी खटका उडाल्यावर, त्यांनी ती बेटं कोरियाला न विचारता बळकावली, एप्रिल १८८५ ते फेब्रुवारी १८८७. तिथं मेलेल्या खलाशांच्या काही कबरी अजून जपलेल्या आहेत. पोर्ट हॅमिल्टनचं नाव आता जुन्या कागदांतच उरलं आहे.

एक कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. १८३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं ‘लॉर्ड अॅमहर्स्ट’ हे जहाज पाठवलं. त्यावर गुत्सलाफ नावाचा मिशनरी होता. यानं किनाऱ्यावर बटाटे लावून दाखवले. मुक्कामाची जागा त्यानं लिहिली ‘गान-कियांग’. दरबारी नोंद गोदेदो बेटाचं नाव घेते. काहीजण म्हणतात, गान-कियांग म्हणजे ‘सुरक्षित बंदर’ अशा अर्थाचे चिनी शब्द, आणि ते गोदेदोलाच लागू पडतात. दुसरे ते नाव शेजारच्या वोनसानदोवरच्या एका वाडीशी जुळवतात. गुत्सलाफची स्मारकं दोन्ही बेटांवर आहेत.