हळद सुटली, दगडी पाल्याचे काय?



आम्ही मोखाड्यातल्या पोशेऱ्याची माणसे. तुमची कापूस-ज्वारी, आमची नाचणी-वरई; विळा मात्र दोघांच्याही बोटाला सारखाच लागतो. मग आपण काय करतो? बांधावरचा दगडी पाला चुरगळून रस पिळतो, घरी येऊन हळद दाबतो.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने हळदीने जखम भरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. विद्या आपल्या आजीची, मालकी त्यांची! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये हरकत घेतली. जुने ग्रंथ, १९५३ चा छापील लेख, असे ३२ पुरावे मांडले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

ध्यानात घ्या, 'आजी सांगायची' ही साक्ष तिथे चालत नव्हती. छापील कागद होता म्हणून हळद सुटली. आमच्या म्हाताऱ्यांच्या पाल्याला कागद कुठे आहे?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाची जैवविविधता समिती आणि नोंदवही सांगितली आहे. तुमच्या पंचायतीत ती आहे का, विचारा. जाणत्याला विचारून, त्याच्या संमतीने लिहा.

आणि एक. पाला खरचटल्यापुरता. जखम खोल असेल, माती-शेण लागले असेल, तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठून धनुर्वाताची सुई घ्या. आजीचा मान राखायचा म्हणून लेकराचा जीव घालवायचा नाही.