शिक्षेच्या निकालानंतरचे साठ दिवस



वार्षिक संमेलनाच्या मंगल प्रसंगी तुरुंगाचा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव जेथे होतो, तेथेच ज्ञातीतील झाकलेले दुःखही बोलले जावे, असे आम्हांस वाटते.

आमच्या वकिलीतील एक प्रसंग आम्हांस अद्यापि बोचतो. एका सुस्थित घरातील तरुणास सेशन कोर्टात शिक्षा झाली. ‘तो आम्हांस मेला’ असे म्हणून वडिलांनी दार लावून घेतले. आईने पदराआड कागद लपवून ते आमच्याकडे आणले, तेव्हा अपिलाची मुदत उलटून वर्ष झाले होते. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होतो हे खरे. पण ‘लोक काय म्हणतील’ हे कारण न्यायासनापुढे कोणत्या तोंडाने मांडावे? अपील अखेर दाखल झाले, पण दरम्यान त्या मुलाची निम्मी शिक्षा भोगून झाली होती.

सेशन कोर्टाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस असतात. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन कोर्टात जाण्यास ३०. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो. कारावासाची शिक्षा झालेल्यास निकालाची नक्कल विनामूल्य मिळते, तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फतही अपील धाडता येते, आणि कोठडीतील इसमास, त्याची मिळकत न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. अपिलात साक्षीपुरावा पुन्हा तपासला जातो. अपराध कायम राहूनही शिक्षा कमी होऊ शकते. रिट अर्ज म्हणजे मात्र दुसरे अपील नव्हे. हा गैरसमज सुशिक्षितांतही फार आहे.

वर जाऊन काय साधते, असे कोणी विचारील. महाराष्ट्रातील २००३ च्या एका दरोडा, बलात्कार व खून खटल्यात भटक्या जमातींतील सहा जणांस २००६ साली फाशीची शिक्षा झाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशीच योग्य ठरविली. फेरविचाराचे अर्जही प्रथम फेटाळले गेले. पुढे २०१४ च्या एका निर्णयाने फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकला जाऊ लागला, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडले. तेव्हा दिसले ते असे, की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून निराळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. तोवर सोळा वर्षे लोटली होती. त्यांच्यामागे आपल्यासारखे सभागृह नव्हते की निधी नव्हता.

आपल्या शिष्यवृत्ति-निधीशेजारी नकला व प्रवासखर्चापुरता एक लहानसा निधी असावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल, त्यांनी निकालाची नक्कल घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे. नाव विचारले जाणार नाही. निकालाची तारीख मात्र पहिल्याने विचारू.