लाउडस्पीकरची जुनी पेटी



शाळेच्या सभागृहांत किंवा देवळाच्या सभामंडपांत टांगलेली लाउडस्पीकरची जुनी लांकडी पेटी खरखरूं लागली, म्हणजे मंडळी प्रथम आवाज वाढवितात. त्याबरोबर खरखरही वाढते आणि मागच्या रांगेस शब्द कळेनासा होतो. मग पेटी मोडींत जाते. वास्तविक दोष पुष्कळदां यंत्रांत नसून लांकडांत असतो.

राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं ज्या प्रकारच्या लाउडस्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत कागदी शंकु मागेंपुढें हालतो. तो पुढें सरतांना पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. या दोहोंची गांठ पडल्यास खर्जाचे स्वर परस्परांस मारतात. त्यांना वेगळें राखणें हें पेटीचें काम होय. सांधा उकलतांच तें बिघडतें.

भेग शोधण्यास उदबत्ती पुरे. खर्जाचा स्वर हलकेच लावून ती शंकूपासून दूर, सांध्यांच्या कडेनें फिरवावी. धूर थरथरेल तेथें भेग समजावी. मात्र कांहीं पेट्यांस मुद्दाम ठेवलेलें भोंक असतें. तें बुजवूं नये. थ्युरस यांस १९३२ सालीं पेटंट मिळालेल्या या रचनेंत मागची हवाच खर्जास जोर देते.

पुढील काम विजेचा प्रवाह बंद करून करावें. उकललेल्या सांध्यांतील जुना सरस खरवडून नवा भरावा व शिकंज्यांत रात्रभर आवळून ठेवावा. भुशाची फळी ओलीनें फुगली असल्यास पूर्ववत् होत नाहीं. तिच्या जागीं त्याच मापाची प्लायवुडची फळी बसवावी. रुंद बाजू ठोकतांना ढोलासारखी वाजल्यास समोरासमोरच्या फळ्यांमध्यें आंतून आडवा दांडा चिकटवावा. ही नुसती दुरुस्ती नव्हे, सुधारणाच होय.

दोन पेट्या असतील, तर दोहोंच्या तारा सारख्याच क्रमानें जोडाव्या. एक उलटी जोडली गेल्यास मध्यें बसणाऱ्यांस खर्ज क्षीण ऐकूं येतो.

सर्वांत महत्त्वाचें काम अखेरचें. पेटी पुन्हां टांगण्यापूर्वीं प्रत्येक स्क्रू व आंकडा तपासावा आणि मुख्य आधाराखेरीज दुसरी मजबूत साखळी लावावी. पेटीखालीं मुलें बसतात, भजनी मंडळी बसतात. त्यांचीं मस्तकें सुरक्षित राहिलीं, तरच त्यांच्या कानीं पडणाऱ्या चांगल्या शब्दाला अर्थ आहे.