तिखाडीचे तेल आणि जालीम जंतू

माझ्या घरात ‘जालीम’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. उर्दूत जालीम म्हणजे जुलमी. मराठीत तोच शब्द आपण औषधाच्या कौतुकाला वापरतो. पण जंतू औषधालाच जुमानेनासे झाले, तर जालीम म्हणावे कुणाला?

माझे भाईजान इथे सिहोऱ्यातच राहतात. त्यांना मधुमेह आहे. पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. अहवालात १४ प्रतिजैविकांची नावे होती. १२ नावांपुढे ‘आर’ हे अक्षर, म्हणजे हे औषध या जंतूवर चालणार नाही. उरलेल्या दोहोंपुढे ‘एस’, म्हणजे चालेल. त्याच आठवड्यात एक हितचिंतक म्हणाले, “इंजेक्शने सोडा, तिखाडीचे तेल लावा. त्याने जंतू मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे.”

यात खरे किती? तिखाडी म्हणजे रोशा गवत. मध्य भारतातल्या जंगलांत ते पूर्वापार उगवते. भट्टीवर चढवून वाफेबरोबर त्याचे तेल काढतात. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गुलाबासारखा वास देणारे जिरॅनिऑल हे त्यातले मुख्य द्रव्य.

प्रयोगशाळेतली चाचणी समजायला सोपी आहे. काचेच्या बशीत अगारच्या थरावर जंतू पसरतात आणि तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवतात. रात्रभर ऊब मिळाली की जंतूंची साय धरते. तेल प्रभावी असेल, तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. काही जंतू तर आत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकतात. जिरॅनिऑलची जोड दिल्यास अशा जंतूंवर काही प्रतिजैविके प्रयोगशाळेत पुन्हा परिणाम करू लागतात, असे २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले.

म्हणजे हितचिंतक खोटे बोलत नव्हते. पण बशीत रक्त नसते, यकृत नसते, सुजलेला पाय नसतो. तेल पाण्यात मिसळत नाही, हवेत उडून जाते, जास्त झाले तर कातडीची आग करते. शिवाय प्रत्येक भट्टीचे तेल सारखे नसते. माणसांवर रीतसर चाचण्या होऊन मात्रा ठरेपर्यंत त्याला अशा जखमेवरचे औषध म्हणता येणार नाही.

भाईजानना डॉक्टरांनी त्या दोहोंपैकी एक औषध दिले. सगळी इंजेक्शने झाली, जखम हळूहळू भरली. तिखाडीचे तेल ते आजही लावतात, पण दुखऱ्या गुडघ्याला.

औषध अपुरे घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या भाषणात दिला होता. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तिखाडीची परीक्षा शास्त्रज्ञांना नीट घेऊ द्या. तोवर अहवालातली ती दोन ‘एस’ अक्षरे टिकवणे आपल्या हाती आहे. सर्दीपडशाला प्रतिजैविक मागू नका. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. पाकिटावर लाल रेघ असेल, तर चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका. आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.