काडतुसाचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, वधूवर-परिचय अशा विषयांवर बोलण्याची आपल्या संमेलनाची प्रथा आहे. त्या पंक्तीत बंदुकीच्या काडतुसाचा विषय आलेला पाहून काहींना नवल वाटेल. काडतुसे महागली तर महागली. ती श्रीमंतांची हौस, आणि हौसेला मोल नसते, असे म्हणून हा प्रश्न सहज झटकून टाकता येईल. परंतु हौसेला मोल असते, आणि ते वाढत गेले म्हणजे ती हौस कोणाच्या घरात राहणार व कोणाच्या घरातून जाणार हेही ठरून जाते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत भिंतीवर टांगलेली दुनळी बंदूक आपण पाहिली असेल. तिचा शिकारीशी असलेला संबंध १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुटला, आणि तो तुटला हे योग्यच झाले. आज हौसेने छर्ऱ्यांची बंदूक चालविणाऱ्या माणसापुढे सशस्त्र कौशल्याचा एकच निर्दोष मार्ग उरला आहे, तो मैदानावरील उडत्या थाळीचा. यंत्रातून अकरा सेंटिमीटर व्यासाची थाळी हवेत फेकली जाते व ती डोळ्यांआड होण्यापूर्वी नेमबाजाने फोडावयाची असते. ट्रॅप आणि स्कीट हे या खेळाचे ऑलिंपिकमान्य प्रकार होत. कोणाचा जीव जात नाही, रानाचे नुकसान होत नाही. आणि दृष्टी, हात व मन यांची जी एकतानता तेथे लागते ती कोणत्याही तरुणाला उपकारकच ठरेल.

परंतु ही विद्या पुस्तकाने येत नाही. ती बार काढूनच येते. थोडा हिशेब करू. एका फेरीत पंचवीस थाळ्या असतात. ट्रॅपच्या प्राथमिक चाचणीत अशा पाच फेऱ्या, म्हणजे १२५ थाळ्या, आणि प्रत्येक थाळीवर दोन बार काढण्याची मुभा असते. आता एखाद्या मुलीने आठवड्यातून तीनच दिवस, दर दिवशी चार फेऱ्यांचा सराव केला, आणि वर्षातील पन्नास आठवडे हा नेम पाळला, तर पंधरा हजार थाळ्या होतात. दुसऱ्या बाराची गरज क्वचितच पडली असे धरले तरी पंधरा हजारांहून अधिक काडतुसे लागतात. काडतुसामागे केवळ पाच रुपये वाढले तर वर्षाला पाऊण लाख रुपये वाढतात. दहा रुपये वाढले तर दीड लाख. मूळ किंमत, थाळ्यांचा खर्च व मैदानाचे शुल्क निराळेच. हत्ती घेणे एकवेळ साधेल, पण तो पोसणे कठीण, असे आपण म्हणतो. येथे बंदूक हा हत्ती आहे आणि काडतूस हा त्याचा रोजचा चारा आहे.

ही महागाई कोणा एका व्यापाऱ्याच्या लोभातून आलेली नाही. स्पर्धेच्या एका काडतुसात सुमारे चोवीस ग्रॅम छर्रे असतात. ते शिशाचे असून त्यांना कठीणपणा यावा म्हणून त्यांत अँटिमनी हा धातू मिसळतात. त्यामागे डाट, धूररहित दारू, टोपी, प्लास्टिकची नळी आणि धातूचे बूड असते. या दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज हा कापसाच्या सरकीवरील आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनतो; आणि तोफेचा गोळा फेकणाऱ्या दारूलाही तोच लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हापासून युरोपातील व अमेरिकेतील दारूचे कारखाने तोफांची भूक भागविण्याकडे वळले. पुढे सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले व त्या धातूचे भाव भडकले. त्यात आपल्या रुपयाची घसरण मिळवा: २०१४ च्या मध्यास डॉलरला सुमारे ६० रुपये पडत, ते २०२४ अखेर ८५ च्या पुढे गेले. परदेशी काडतुसावर भिस्त ठेवणाऱ्या भारतीय नेमबाजाला हे तिन्ही तडाखे एकदम बसतात.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. या खेळात आपल्या देशाचे नाव गाजविणारे पहिले मोठे नेमबाज म्हणजे बिकानेरचे महाराजा डॉ. करणीसिंह. १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर २००४ मध्ये अथेन्स येथे डबल ट्रॅपमध्ये ऑलिंपिक रौप्यपदक जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड हे सैन्यातील अधिकारी होते. दोघांचीही थोरवी निर्विवाद आहे. परंतु एकामागे राजवाडा होता आणि दुसऱ्यामागे सैन्यदल होते. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही, त्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाने काय करावे?

महाराष्ट्रात नेमबाजीची वाण मुळीच नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे, ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु ही सारी नावे रायफल आणि पिस्तूल या शाखांतील आहेत, हे लक्षात घ्यावे. त्या शाखांत पहिली पायरी हवेच्या बंदुकीची असते. तिच्या गोळीला दारू लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. उडत्या थाळीच्या खेळाला अशी स्वस्त पहिली पायरीच नाही. तेथे पहिल्या दिवसापासून काडतूस फोडावे लागते. आपल्या मुलांच्या अंगी गुण नाही असे नव्हे. त्यांना उंबरठाच ओलांडता येत नाही.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते. लोकसभेच्या सभापतीने ज्या संस्थेचे पालकत्व पत्करले, तिचे दार मूठभर घरांपुरतेच उघडे राहणे हे त्या स्मृतीला शोभत नाही.

मग उपाय काय? परदेशात पुष्कळ हौशी नेमबाज घरीच काडतुसे भरून खर्च वाचवितात. आपल्याकडे परवान्यावाचून तसे करणे हा गुन्हा आहे, तेव्हा तो मार्ग कोणीही मनात आणू नये. तद्वत् ज्ञातिसंस्थेने काडतुसे विकत घेऊन साठविण्याचा विचारही करू नये. परवाना ज्याचा, खरेदी त्याची. मात्र तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली काटकसरीची: बंदूक खांद्याला लावण्याचा व झोक साधण्याचा निम्मा अभ्यास बार न काढताही होतो, आणि मैदानावर पडलेले शिसे वेचून पुन्हा वितळविले तर पैसाही वाचतो व जमिनीतील विषही कमी होते.

दुसरी गोष्ट सरकारकडे मागण्याची. कापूस आपल्या विदर्भात पिकतो. तोफाबंदुकांची दारू बनविणारा कारखाना भंडाऱ्यास आहे. आणि बारा बोअरची काडतुसे खडकीच्या कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ चा आहे. असे असता जागतिक स्पर्धेच्या दर्जाचे चोवीस ग्रॅमचे काडतूस येथेच मुबलक व माफक दरात का होऊ नये? तसे निवेदन आपल्या मंडळाने इतर संस्थांच्या साथीने अवश्य धाडावे.

तिसरी गोष्ट सर्वस्वी आपल्या हातची आहे. आपल्या लग्नकार्यांत दारूकामावर जो पैसा घटकाभरात आकाशात उडतो, त्याचा काही अंश बाजूला काढून मंडळाने एक क्रीडानिधी उभारावा. त्यातून दरवर्षी निदान एका होतकरू नेमबाजास, मुलगा असो वा मुलगी, तीन वर्षे सरावखर्चाचे साहाय्य द्यावे. निवड घराण्याकडे पाहून होऊ नये. मैदानावरील गुणपत्रक पाहून व्हावी. साहाय्य घेणाऱ्याने पुढे दोन मुलांना विनामूल्य शिकवावे, एवढीच अट असावी.

शिष्यवृत्तीची कल्पना प्रथम निघाली तेव्हाही गरिबाच्या मुलाला उच्च शिक्षण कशाला, असे म्हणणारे लोक होतेच. आज तो प्रश्न कोणी विचारीत नाही. मैदानाबाबतही तसाच दिवस यावा, अशी माझी इच्छा आहे.