हिवाळ्याआधीची लागवड आणि जमिनीतील ओल

कुंडीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत वाढविलेले बहुवर्षायू रोप, म्हणजे एका हंगामात न संपता वर्षानुवर्षे जगणाऱ्या झाडाचे रोप, हिवाळ्यापूर्वी जमिनीत लावावे की पिशवीतच राखावे, या प्रश्नाचे उत्तर थंडीच्या आधाराने देण्याची सवय थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांनी लावली आहे. त्या देशांत जमीन गोठते, गोठताना फुगते आणि नीट न रुजलेले रोप वर उचलून टाकते. म्हणून जमीन गोठण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी लागवड उरकावी, असा तेथील सर्वसाधारण सल्ला असतो. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या दरेकसा परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान कधी कधी १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरत असले, तरी जमीन गोठत नाही. येथे कोवळ्या मुळांची वाढ खुंटते ती मुख्यतः ओल संपल्यामुळे. त्यामुळे सहा आठवड्यांचा हिशेब येथेही उपयोगी पडतो, मात्र तो जमीन सुकू लागण्याच्या वेळेपासून मागे मोजावा लागतो.

ही वेळ प्रत्येक जमिनीत वेगळी असते. डोंगरउतारावरील बरडी, म्हणजे उथळ आणि खडेमिश्रित जमीन, सप्टेंबरअखेर पाऊस विरळ होताच कोरडी पडू लागते, आणि तेथून मागे मोजल्यास ऑगस्टचा उत्तरार्ध, म्हणजे मघा नक्षत्र, ही लागवडीची शेवटची मर्यादा ठरते. याउलट कन्हार ही चिकण व ओल धरून ठेवणारी जमीन. धान निघाल्यावरही तिच्यात एवढा ओलावा उरतो की त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरी किंवा जवस पाण्याच्या पाळीशिवाय येते. अशा बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किंवा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर हस्त नक्षत्रापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, रोप लावणे शक्य असते, परंतु पाणी साचणाऱ्या बांधीत नव्हे, कारण साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही.

लागवडीला उशीर होतो त्याचे कारण बहुधा अज्ञान नसून धानाची रोवणी असते. जुलैमध्ये, जेव्हा रोपासाठी जमीन सर्वांत अनुकूल असते, तेव्हाच घरातील प्रत्येक हात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटण्यात आणि रोवण्यात गुंतलेला असतो, आणि सवड मिळेपर्यंत पावसाळ्याची उतरण लागलेली असते. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो, तो हंगाम ओळखूनच. समारंभासाठी २ ऑक्टोबर ही तारीख सोयीची असली, तरी बरडीतील रोपाला ती मुळीच सोयीची नाही. यावर उपाय एवढाच की खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत, म्हणजे रोवणीच्या धांदलीत केवळ रोप बसविण्याचे काम उरते.

मोहाच्या बाबतीत लावावे की राखावे हा निर्णय अधिक अवघड होतो. त्याची बी, म्हणजे टोरी, पावसाळ्याच्या तोंडाशी पिकते आणि थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावते, त्यामुळे ती साठवून न ठेवता लगेच पिशवीत लावावी लागते. दिवाळीला हे रोप लहानच असते, पण त्याचे सोटमूळ, म्हणजे सरळ खाली जाणारे मुख्य मूळ, पिशवीच्या तळाशी पोहोचून वळू लागलेले असू शकते. अशा वेळी घाईने ते उतारावर लावण्यापेक्षा मोठ्या व खोल पिशवीत हलवून पुढील पावसाळ्यापर्यंत घराजवळ राखणे श्रेयस्कर होय. पिशवीतील माती मे महिन्याच्या उन्हात झपाट्याने सुकते, त्यामुळे रोज पाणी घालावे लागते, हे खरे; परंतु विहिरीजवळच्या रोपाला पाणी घालणे डोंगरावर घागर वाहून नेण्यापेक्षा निश्चितच सोपे आहे.

ज्यांच्याकडे ऑक्टोबरमध्ये रोपे शिल्लक असतील, त्यांनी ठरविलेल्या जागी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. ती भुसभुशीत होऊन सांडली, तर रोप पिशवीतच ठेवावे. तिचा गोळा टिकला आणि ती जमीन कन्हार असेल, तर एका रोपाची पिशवी कापून पाहावी. मुळांनी मातीचा गोळा घट्ट धरून ठेवला असेल, तर तळाशी वळलेली मुळे छाटून रोप लावावे आणि बुंध्याभोवती धानाच्या तणसाचा थर पसरावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये, कारण तणसाच्या आडोशाने वाळवी खोडापर्यंत येते.